‘ऑटो’ म्हणजे कुणाचा निर्णय?

(गणेशोत्सवात गौतमपुरा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

गौतमाबाई होळकरांच्या नावानं वसलेल्या या गावात आम्हाला इंदूरहून बोलावलंत, त्याबद्दल आभार. या व्यासपीठावर आरोग्य, मृत्युपत्र, बँकेतली फसवणूक असे विषय होत आले आहेत. यंदा मुलांनी हट्ट धरला की संगणकाच्या बायोसवर आणि ओव्हरक्लॉकिंगवर कुणीतरी नीट बोलावं. विषय ऐकून ज्यांनी घड्याळाकडे पाहिलं, त्यांना विनंती की थोडं बसा. घरात काचेच्या डब्यातलं, रंगीत दिव्यांचं जे मशीन आहे त्याला लागलेले लाख-दीड लाख रुपये तुमचेच आहेत. आणि ते मशीन मध्येच बंद पडलं की पोराला जी बोलणी बसतात तीही बहुतेक तुमच्याकडूनच.

आम्ही मशीन जोडतो आणि बिघडलेली दुरुस्त करतो. त्यातून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली आहे. बायोसमध्ये जिथे जिथे ‘ऑटो’ असं लिहिलेलं असतं, तिथे कुणीतरी तुमच्या वतीनं निर्णय घेऊन ठेवलेला असतो. ज्यानं तो घेतला तो मे महिन्यात दुपारी तीन वाजता मालव्यात बसलेला नसतो. तेव्हा मदरबोर्ड चांगला की वाईट हे ठरवताना तो मशीनला किती पळवतो यापेक्षा आपल्याला लगाम किती नीट हातात देतो, हे बघावं असं आमचं मत आहे. मुलांना हे पटणार नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी ज्येष्ठांसाठी, बायोस म्हणजे काय. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत जे काही सेकंद जातात, त्या वेळात मदरबोर्डवरच्या एका लहान चिपमधला प्रोग्रॅम जागा होतो. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क कुठे, पंखा फिरतो का, हे तो तपासतो. कुणाला किती वीज आणि किती वेग द्यायचा ते ठरवतो आणि मग किल्ल्या विंडोजच्या हाती देतो. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी-एम या १९७० च्या दशकातल्या प्रणालीत हे नाव प्रथम आलं, १९८१ च्या आयबीएम पीसीमुळे ते सगळीकडे पसरलं. आता त्या जागी यूईएफआय नावाची नवी, चित्रांची, माऊसनं चालणारी व्यवस्था आली आहे. पण तांब्या स्टीलचा असला तरी आपण तांब्याच म्हणतो, तसं सगळे अजून बायोसच म्हणतात.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं प्रोसेसर चालवणं. याची कीर्ती खरी झाली ती १९९८ मध्ये. इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर होता. बोर्डाचा मूळ ठेका ६६ मेगाहर्ट्झचा आणि प्रोसेसर त्याच्या साडेचार पट, म्हणजे ३००. कुणीतरी तो ठेका ६६ वरून १०० वर नेला. साडेचार पट म्हणजे ४५०! आणि बहुतेक चिपा तो सोसून गेल्या. तेव्हा अ‍ॅबिट नावाच्या कंपनीचा बीएच-६ हा बोर्ड गाजला तो याचसाठी. डबा उघडून जंपर हलवण्याची गरज नव्हती, बायोसच्या पानावरच आकडे बदलता येत. स्वस्तातला माल महागातल्या मालासारखा चालला, दीडपट वेग फुकटात मिळाला. त्या पिढीतली मुलं आज पन्नाशीला आली, पण ‘बायोसमध्ये जाऊन वेग वाढवता येतो’ ही आख्यायिका त्यांच्याकडून खाली चालत आली आहे.

आज ती गंगाजळी शिल्लक नाही. कारण सोपं आहे. त्या काळी कंपनी चिपमध्ये भरपूर हात राखून ठेवत असे. आता तो हात कंपनी स्वतःच कारखान्यात वापरून टाकते. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्याच्यासाठी ओळखले जातात तो पहिला पेंटियम १९९३ मध्ये ६० आणि ६६ मेगाहर्ट्झवर चालत होता. मार्च २०२४ मध्ये आलेला इंटेलचा १४९००केएस खोक्यातून काढल्या काढल्या काही क्षण ६.२ गिगाहर्ट्झ गाठतो. त्याच्यावर आणखी चढवायला उरतंय काय? पाच टक्के, फार तर. आणि त्या पाच टक्क्यांची किंमत फार मोठी असते, ती कशी ते बघा.

प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग पाच टक्के वाढवायला व्होल्टेज दहा टक्के वाढवावं लागलं असं धरू. १.०५ गुणिले १.१ चा वर्ग १.२१, म्हणजे १.२७. पाच टक्के वेगासाठी सत्तावीस टक्के जादा वीज, आणि तेवढीच जादा उष्णता. आता उलटं करा. वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्के कमी करता आलं तर ०.८१, म्हणजे एकोणीस टक्के उष्णता कमी. दोन्ही सेटिंग्ज त्याच पानावर असतात. पण यूट्यूबवर पहिल्याचे व्हिडिओ ढिगानं आणि दुसऱ्याचे मोजके, कारण पंखा शांत झाला याचा थंबनेल काय करणार?

आता ‘ऑटो’कडे येतो. हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, दोन-तीन वर्षांमागचं मोठं प्रकरण आहे, आणि त्यात आपल्याकडच्या घरांचेही पैसे गेले.

इंटेलचे तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ऑक्टोबर २०२२ मध्ये आले, चौदाव्या पिढीचे ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यातल्या वरच्या मॉडेलांवर, विशेषतः १३९००के आणि १४९००के यांच्यावर, जगभर विचित्र तक्रारी सुरू झाल्या. गेम सुरू होताना बंद पडतो, मोठी फाइल उघडताना चूक दाखवतो, व्हिडिओ तयार होता होता मशीन गळपटतं. फसवी गोष्ट अशी की अनेक गेममध्ये पडद्यावर संदेश यायचा तो व्हिडिओ मेमरी संपल्याचा. त्यामुळे लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घ्यायचे, कार्ड बदलायचे, विंडोज पुन्हा टाकायचे. दोष होता प्रोसेसरमध्ये.

आमच्याकडेही असं एक मशीन आलं होतं. लग्नाचे व्हिडिओ करणारा तरुण, घरचा हा पहिलाच धंदा. शूटिंग झालं की रात्रभर मशीन लावायचं आणि सकाळी बघावं तर अर्ध्यावर थांबलेलं. विकणाऱ्यानं आधी कार्ड बदलायला लावलं, मग मेमरी. वडिलांचं म्हणणं एकच, “तू त्यात काहीतरी छेडछाड केली असशील.” पोरगा शपथेवर सांगत होता की बायोस त्यानं उघडलासुद्धा नाही. आम्ही उघडला. त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं, सगळं ‘ऑटो’वर होतं. आणि विजेच्या मर्यादेच्या रकान्यात ४०९६ वॅट लिहिलेलं होतं.

४०९६ वॅट! घरातली दोन मोठी गिझर एकत्र चालवली तर जेवढी होईल तेवढी वीज. अर्थात प्रोसेसर तेवढी घेत नाही, घेऊच शकत नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की मर्यादा नाही. त्या प्रोसेसरसाठी इंटेलचा स्वतःचा कमाल आकडा २५३ वॅट आहे आणि मूळ आकडा १२५. मग ४०९६ कुणी लिहिले? बोर्ड बनवणाऱ्यानं. कारण तपासणी करणारे नवा बोर्ड आणतात, काहीही न बदलता चाचणी लावतात आणि तक्ता छापतात. त्या तक्त्यात दोन टक्क्यांनी वर यायचं असेल तर मर्यादा आधीच काढून ठेवायची. काही कंपन्यांनी याला सुंदर नावं दिली आहेत. एसुसच्या बोर्डावर ‘मल्टिकोअर एनहान्समेंट’ असतं. एमएसआयचा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना विचारतो की कूलर कोणता आहे: खोक्यातला, उंच टॉवरचा की पाण्याचा? प्रश्न साधा वाटतो, पण पाण्याच्या कूलरवर बोट ठेवलं की मर्यादा उठते. उत्तर देणाऱ्याला वाटतं आपण माहिती दिली. खरं तर त्यानं परवानगी दिलेली असते.

एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. सगळा दोष बोर्डवाल्यांचा नव्हता. २०२४ च्या वसंतात आधी बोट त्यांच्याकडेच गेलं, त्यांनी घाईघाईनं नवे बायोस काढले. पण जुलै २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोडच चुकीनं जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०x१२९ नावाची दुरुस्ती आली, तिनं व्होल्टेजची मागणी १.५५ च्या वर जाणं रोखलं. सप्टेंबरमध्ये ०x१२बी आली. इंटेलनं सांगितलेलं कारण असं, की जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता यांनी चिपमधला ठेका धरणारा भाग अकाली झिजतो, आणि मग जे काम आधी कमी व्होल्टेजवर व्हायचं त्याला जास्त लागायला लागतं. बोर्डाची मर्यादेबाहेरची सेटिंग्ज हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक, बाकीची मायक्रोकोडची. या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत असं धरून चाला, त्या बायोसच्या नव्या आवृत्तीतून येतात. आणि झीज झालेली चिप त्यांनी बरी होत नाही, पुढची झीज थांबते इतकंच. कंपनीनं बाधित मॉडेलांची हमी दोन वर्षांनी वाढवली, तीनाची पाच झाली. त्या तरुणाचा प्रोसेसर हमीत बदलून मिळाला, कारण तो सीलबंद खोक्यातला होता आणि पक्कं बिल होतं. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर दीड-दोन हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून घेतला असता तर हमीसाठी विकणाऱ्याच्याच दारात बसावं लागलं असतं. इंदूरला सिल्वर मॉलमध्ये जा की आणखी कुठे, काकांनो, बिलासाठी भांडा. बोर्डाचं मॉडेल पोराला ठरवू द्या.

एएमडीवाले हसत होते, तर त्यांचीही कथा आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्या ७८००एक्स३डी या नव्याकोऱ्या प्रोसेसरचे जळालेले फोटो फिरू लागले. काही चिपा सॉकेटसकट करपल्या, फुगल्या. तिथेही वापरणाऱ्यानं ओव्हरक्लॉकिंग म्हणून काही केलेलं नव्हतं. मेमरीचा वेग वाढवणारं एक बटण दाबलं होतं, जे सगळेच दाबतात. त्या बटणाबरोबर काही बोर्ड चिपमधल्या दुसऱ्याच एका भागाचं, एसओसीचं, व्होल्टेज गुपचूप वर नेत होते. शेवटी एएमडीनं नव्या बायोसमधून त्याला १.३ व्होल्टचं कुंपण घातलं. त्या पिढीचं मशीन घरी असेल आणि बायोस त्या काळचाच असेल तर आज रात्री बघा.

आता आपल्या हवेबद्दल. मुलं परदेशी परीक्षणं बघून कूलर निवडतात. ती परीक्षणं वीस-बावीस अंशांच्या खोलीत झालेली असतात. कूलर हे थंडी तयार करणारं यंत्र नाही, तो चिपची उष्णता फक्त खोलीतल्या हवेत नेऊन टाकतो. म्हणून खोली जेवढ्या अंशांनी गरम, साधारण तेवढ्याच अंशांनी चिप गरम. परीक्षणात २२ च्या खोलीत चिप ८२ वर थांबली असेल तर आपल्या ४० च्या खोलीत ती शंभरच्या दारात उभी असते. त्या इंटेलची शेवटची पायरी १००, रायझन ७००० ची ९५, एक्स३डीची ८९. तिथे पोचली की ती स्वतःच वेग कमी करते. म्हणजे वेगासाठी पैसे मोजायचे आणि उन्हाळाभर तो मिळायचाच नाही. शब-ए-मालवा म्हणून आपल्या रात्री नावाजलेल्या आहेत हे खरं, पण पोरं रेंडर दुपारी लावतात. त्यात मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी निघाली की हवेत जो भुसा असतो, तो जाळीवर असा बसतो की पंखा फिरतो पण हवा आत जात नाही.

उष्णतेचं हे प्रकरण आमच्या मनचं नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या एका अभियंत्यानं सांगितलं होतं की, त्यांच्याकडे येणाऱ्या बिघाडांच्या अहवालांत याच इंटेल पिढ्यांच्या मशीनची संख्या इतकी वाढली की कोणत्या देशात ऊन तापलं आहे ते अहवालांवरूनच कळत होतं. युरोपच्या उन्हानं हे होतं. आपण तर वैशाख काढतो.

मग बोर्ड पारखायचा कसा? आम्ही जे बघतो ते सांगतो, क्रम लावलेला नाही.

पहिल्यांदा बायोसमध्ये जाऊन विजेच्या मर्यादेचं पान शोधायचं. इंटेलवर त्याला पीएल-१ आणि पीएल-२ म्हणतात, एएमडीवर पीपीटी. पान सापडायला किती वेळ लागतो हीच बोर्डाची पहिली परीक्षा. चांगल्या बोर्डावर ते दोन पायऱ्यांत सापडतं, आकडा हातानं लिहिता येतो आणि ‘ऑटो’ म्हणजे सध्या किती, हे बाजूला दिसतं. वाईट बोर्डावर ‘ऑटो’ शब्दामागे आकडाच दिसत नाही. आम्ही मालव्यातल्या बिनएसीच्या खोलीसाठी वरच्या इंटेलला १२५ ते १५० वॅट लिहून देतो. वॅट निम्मे केले तरी वेग निम्मा होत नाही, कारण वरचे शंभर वॅट शेवटच्या थोड्याशा वेगासाठीच जात असतात. गेम खेळताना तर फरक जाणवतही नाही, गेमला इतकी वीज लागतच नाही. एएमडीवर ‘इको मोड’ नावाचं तयार बटण असतं. ६५ वॅटचा इको मोड लावला की पीपीटी ८८ वॅटवर येतो. उन्हाळ्यापुरतं एवढं केलंत तरी पुरे. थोडा अभ्यास असेल त्यानं ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ वापरावा, उणे दहापासून सुरुवात करावी. एकदम उणे तीस टाकून बढाई मारू नये. अशा मशीनला जड कामात काही होत नाही, ती रिकामी बसलेली असताना अचानक बंद पडतात, आणि मग कारण शोधताना डोकं फिरतं.

मेमरी हा विषय वेगळा. इथे मात्र आम्ही ‘ऑटो’ सोडून पुढे जा असंच सांगतो. खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर-५ मेमरी बोर्डात बसवली की ती मुकाट्यानं ४८०० वर चालते. डीडीआर-४ ची ३२०० वाली २१३३ किंवा २४०० वर. इंटेलवर एक्सएमपी, एएमडीवर एक्स्पो नावाची नोंद चालू करेपर्यंत विकत घेतलेला वेग मिळत नाही. आम्ही तीन-तीन वर्षं वापरलेली मशीन बघितली आहेत ज्यांत हे बटण कधीच दाबलेलं नव्हतं. घेताना फक्त मोठा आकडा बघू नका. ६००० च्या मेमरीवर सीएल ३० लिहिलं असेल तर उत्तर यायला १० नॅनोसेकंद लागतात, सीएल ४० असेल तर १३.३. जुनी ३२०० ची सीएल १६ वाली डीडीआर-४ सुद्धा १० नॅनोसेकंदच घेते. आणि ४८०० सीएल ४० ची डीडीआर-५ घेतलीत तर जवळजवळ १७, म्हणजे नवीन असून त्या बाबतीत मागे. दोन पट्ट्या घ्या, चार नको. चार लावल्या की डीडीआर-५ चा वेग बहुतेक वेळा खाली आणावा लागतो. बटण दाबल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालवा, एकही चूक आली तर एक पायरी खाली या. आणि एएमडीवाल्यांनी त्याच वेळी एसओसी व्होल्टेजच्या रकान्यावर नजर टाकावी, कारण तुम्हाला माहीतच आहे.

बोर्डाच्या नावातल्या अक्षरात पैसे लपलेले असतात. इंटेलकडे प्रोसेसरचा गुणक बदलायचा तर प्रोसेसर ‘के’ आणि बोर्ड ‘झेड’ लागतो. ‘बी’ बोर्डावर मेमरी वाढवता येते, गुणक नाही. एच६१० वर मेमरीही नाही. एएमडीनं जास्त मोकळीक ठेवली आहे, त्यांच्या ‘बी’ बोर्डावर सगळं करता येतं, फक्त ए६२० वर प्रोसेसर वाढवता येत नाही. तरी आम्हाला दर महिन्याला साधा, कुलूपबंद प्रोसेसर ‘झेड’ बोर्डावर बसवलेला दिसतोच. देवघरात एसी लावल्यासारखं आहे ते. उलट प्रकारही दिसतो. सगळ्यात वरचा प्रोसेसर आणि सगळ्यात स्वस्त एच६१० बोर्ड. सॉकेटच्या बाजूला विजेचा दाब उतरवून देणारे जे भाग असतात, ज्यांना व्हीआरएम म्हणतात, त्यांच्यावर अशा बोर्डात धातूची पट्टीसुद्धा नसते. ते तापले की बोर्डच प्रोसेसरचा गळा धरतो. पंधरा हजार जास्तीचे असतील तर ते दिव्यांवर घालण्यापेक्षा त्या पट्टीवर घाला.

पावसाळ्यात लाईट जाते-येते-जाते, तेव्हाच्या दोन गोष्टी. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ असं एक सेटिंग असतं, रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस असं काहीसं नाव. ते बंदवर ठेवा. नाहीतर लाईट तीनदा आली-गेली की मशीनही तीनदा उठतं-पडतं. आणि बायोस अपडेट करताना यूपीएस हवाच. त्या दोन-तीन मिनिटांत लाईट गेली तर चिप अर्धी लिहिलेली राहते आणि बोर्ड मेल्यासारखा होतो. २६ एप्रिल १९९९ ला चेर्नोबिल नावाच्या व्हायरसनं मुद्दाम हेच केलं होतं, बायोसची चिपच पुसली. त्या काळी संगणक असलेल्यांना आठवेल. म्हणून घेतानाच बोर्डाच्या मागच्या पट्टीवर ‘फ्लॅशबॅक’चं बटण आहे का ते पाहा. पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर नसतानासुद्धा, मेलेला बायोस त्यानं परत लिहिता येतो. या एका बटणासाठी आम्ही हजार-बाराशे जास्त द्यायला तयार असतो. अपडेटपूर्वी बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून घ्या. नव्या बायोसनंतर विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात.

पंख्यांचा आलेख प्रत्येक चांगल्या बायोसमध्ये काढता येतो. इतक्या अंशांना इतका वेग. आम्ही दोन प्रोफाइल साठवतो, एक होळी ते मृग आणि एक बाकीच्या वर्षासाठी. बोर्डात प्रोफाइल साठवायची सोय नसेल तर आमच्या मते तो बोर्ड हौशी माणसाचा नव्हे. बॅटरी म्हणजे सीआर२०३२ ची ती गोल टिकली. मशीनची तारीख मागे जाऊ लागली की बदला. जुन्या बोर्डांत ती संपली की सेटिंग्जही जातात आणि सगळं पुन्हा ‘ऑटो’वर येतं.

मुलांनो, तुमच्यावर आमचा राग नाही. ज्याला आकड्यांशी खेळायचं त्यानं खेळावं, आम्हीही त्यातूनच शिकलो. पण या गावात तुम्हाला हे आम्ही शिकवायचं म्हणजे कमालच आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा आणि कलंगी समोरासमोर येतात, त्याआधी हिंगोट कसा भरतात ते तुम्ही घराघरात पाहिलं आहे. फळ पोखरायचं, आत दारू ठासायची, बांबूची काडी लावायची. कमी ठासली तर उडत नाही, जास्त ठासली तर कुठे फुटेल सांगता येत नाही. ते माप हाताला कळायला वर्षं लागतात, आणि फळ रुणजीचं आहे की इथलं यानं ते बदलत नाही. प्रोसेसरचंही प्रत्येक नगाचं माप वेगळं असतं. मित्राच्या मशीनवर चाललेला आकडा तुमच्या मशीनवर चालेलच असं नाही, नाव एक असलं तरी. म्हणून एका वेळी एकच आकडा बदला, अर्धा तास जड काम लावा, तापमान आणि वेग दोन्ही लिहून ठेवा, मग दुसरा. आणि संक्रांतीला पास झालेली सेटिंग्ज अक्षय्य तृतीयेला दुपारी तीन वाजता पुन्हा तपासा. थंडीत कुणीही पास होतं.

हे झालं की चार आकडे एका कागदावर लिहा: विजेची मर्यादा, मेमरीचा वेग, एसओसी किंवा प्रोसेसरचं व्होल्टेज, बायोसची आवृत्ती. तो कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा आणि फोटो आईच्या फोनमध्ये ठेवा, तुमचा फोन दर वर्षी बदलतो. पुढे कधी मशीन बंद पडलं आणि घरात “तूच काहीतरी केलंस” सुरू झालं, तर निदान काय केलं होतं आणि काय नव्हतं हे दाखवता येईल. हमीचं भांडण असेल तर तेव्हाही तो कागद कामाला येतो.

आता पडद्यावर मशीन लावतो आहोत. सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहायचं असतं, ते काम मागच्या मंडळींपैकी कुणीतरी पुढे येऊन करा. आधी ‘ऑटो’वर किती वॅट लिहिलेत ते बघू, मग काकांपैकी कुणीतरी आकडा सांगा, तो टाकू. ज्यांनी घरच्या मशीनच्या बायोसचे फोटो आणले आहेत त्यांनी आरतीनंतर थांबा, एकेक करून पाहतो.